वणव्यातली हजेरी

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतराजीत सॅन वाकीन नदीवर धरण बांधून तयार झालेला मॅमथ पूल नावाचा एक जलाशय आहे. सप्टेंबर २०२० च्या पहिल्या शनिवार-रविवारला जोडून सोमवारी 'लेबर डे'ची सुटी आली होती. करोनामुळे सहा महिने घरात कोंडलेली माणसे पोराबाळांना घेऊन, तंबू, होड्या आणि चाकांवरची घरे घेऊन या जलाशयाकाठी उतरली होती. शुक्रवारी, ४ तारखेच्या संध्याकाळी, त्याच डोंगरांत वणवा पेटला. शनिवारी त्याने नदी ओलांडली आणि बाहेर पडण्याचा रस्ता तोडला. चहूकडे पेटलेले रान आणि मध्ये पाणी, अशा स्थितीत शेकडो माणसे अडकली. रात्री नॅशनल गार्डची दोन हेलिकॉप्टरे धुरातून वाट काढत, अंधारात पाहण्याचे चश्मे लावलेल्या वैमानिकांच्या हिकमतीवर काठाशी उतरली. ज्या चिनूक हेलिकॉप्टरात एरवी तीस-पस्तीस सैनिक बसतात, त्याच्या एका फेरीत १०२ माणसे बसवली गेली. उजाडेपर्यंत दोनशेहून अधिक लोक फ्रेस्नोच्या विमानतळावर सुखरूप पोचले होते. त्यांत भाजलेले होते, हाडे मोडलेले होते. पुढे या हेलिकॉप्टरांवरील सात जणांना 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हा सन्मान मिळाला, आणि तो योग्यच होता.

पण माझ्या मनात घोळत राहिला तो वेगळाच प्रश्न. हेलिकॉप्टर येण्यापूर्वीच्या त्या तासांत कोण काठावर आले, कोण अजून वरच्या झाडीत आहे, कोणाचे मूल कोणाच्या गाडीत आहे, ही मोजदाद कोण करत होते? रस्ता तुटलेला, म्हणजे बाहेरून मदत येणार नव्हती. ते तास त्या लोकांनी एकमेकांच्या भरवशावर काढले. आदल्या दिवशीपर्यंत ते एकमेकांचे कोणीही नव्हते. शेजारच्या तंबूतला माणूस, एवढीच ओळख.

हा प्रश्न केवळ एका जलाशयापुरता नाही. वणव्यांचे प्रमाण आणि आवाका वाढतो आहे, आणि सुटीला रानात जाणाऱ्यांची संख्याही वाढते आहे. अमेरिकेत, तसेच आपल्याकडेही.

आधी वणव्याविषयी थोडे. मॅमथ पूलपाशी आलेल्या या वणव्याला 'क्रीक फायर' असे नाव मिळाले. तो पावणेचार लाख एकरांहून अधिक रान खाऊन गेला. मुंबई आणि तिची उपनगरे मिळून जेवढा प्रदेश होतो, त्याच्या अडीचपट. त्या एका वर्षात कॅलिफोर्नियात ४० लाखांहून अधिक एकर जमीन जळाली. याचे खापर केवळ तापमानवाढीवर फोडून भागत नाही, जरी तिचा वाटा मोठा आहे. १९३५ पासून अमेरिकेच्या वनखात्याचे धोरण असे होते की, कोणतीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. तेथील मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक ऋतूत रानाला लहान लहान आगी लावून पालापाचोळा साफ ठेवत; त्यांना बंदी झाली. परिणामी, जी लाकूडफाट्याची बाकी दरसाल थोडी थोडी फिटायची, ती शतकभर साचत गेली. त्यात २०१२ ते २०१६ चा दुष्काळ आणि सालीखाली पोखरणारे भुंगे यांनी मिळून कॅलिफोर्नियात सुमारे १३ कोटी झाडे मारली. मी आयुष्यभर बँकेत काढले. थकबाकी वेळेवर वसूल झाली नाही की एके दिवशी ती कशी अंगावर येते, हे मला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता माणसांविषयी. रानात मुक्काम करणाऱ्यांना आपण सरसकट 'कॅम्पिंगवाले' म्हणतो; पण त्यांच्या तीन जाती आहेत. पहिली, पैसे भरून, जागा राखून ठरलेल्या मैदानावर उतरणाऱ्यांची. यांची नावे कोठेतरी नोंदलेली असतात. अशा अनेक मैदानांवर एक 'होस्ट', म्हणजे यजमान असतो. बहुधा एखादा निवृत्त गृहस्थ किंवा जोडपे, जे हंगामभर तेथेच आपल्या गाडीत राहते, पाण्याचा नळ कोठे आहे ते सांगते आणि वेळ आली की तंबूतंबूपाशी जाऊन हाक मारते. दुसरी जात, सरकारी रानात वाटेल तेथे तंबू ठोकणाऱ्यांची. तशी मुभा अमेरिकेतील बऱ्याच सरकारी वनांत आहे, साधारणतः चौदा दिवसांपर्यंत. हे कोठे आहेत ते त्यांनी घरी कोणाला सांगितले असेल तरच कळणार. तिसरी जात नाइलाजाने रानात राहणाऱ्यांची. घरभाडे परवडत नाही म्हणून जुन्या गाडीत, तंबूत बिऱ्हाड थाटलेल्यांची. यांचे नाव कोणत्याच वहीत नसते.

सरकारचा इशारा मुळात पत्त्यावर जातो. अमुक परिसर, अमुक रस्ता, तेथील रहिवासी. तंबूतल्या माणसाला पत्ता नाही. मोबाइलवर येणारे इशारे टॉवरच्या जिवावर चालतात, आणि रानात टॉवर नसतो. असला तरी आगीत तोच आधी जळण्याची शक्यता.

शिवाय पत्ता असलेल्यांपर्यंत तरी इशारा पोचतो का? ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅरडाइज हे गाव काही तासांत जळून खाक झाले आणि ८५ माणसे मेली. त्यांतली बरीचशी साठी उलटलेली होती. अनेकांना इशारा मिळालाच नाही. ८ ऑगस्ट २०२३ रोजी हवाईमधल्या लाहैना गावात शंभरावर माणसे गेली. भोंग्यांची यंत्रणा होती, पण भोंगे वाजले नाहीत. ७ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसजवळ अल्टाडिनाच्या डोंगरात संध्याकाळी आग लागली. गावाच्या पश्चिम भागाला बाहेर पडण्याचा आदेश मिळाला तो पहाटे तीननंतर. मृतांपैकी बहुतेक सगळे त्याच भागातले. आणि याच्या उलट प्रकार दोन दिवसांनी घडला. एका मर्यादित भागासाठी असलेला इशारा चुकून जवळजवळ एक कोटी लोकांच्या मोबाइलवर जाऊन थडकला. जेथे हवा तेथे नाही आणि नको तेथे सर्वत्र, असा इशारा असला की लोक हळूहळू त्याकडे काणाडोळा करू लागतात.

या पोकळीत माणसे स्वतः उभी राहतात. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोनोमा भागात 'वॉच ड्यूटी' नावाचा उपक्रम सुरू झाला. निवृत्त अग्निशामक, कंट्रोल रूममध्ये काम केलेले लोक आणि काही हौशी मंडळी अग्निशमन दलाच्या बिनतारी संदेशांवर कान ठेवून बसतात आणि आग कोठे आहे, कोठे सरकते आहे, हे मोबाइलवर कळवतात. नफा कमावणे हा हेतू नाही. जानेवारी २०२५ मध्ये लाखो लोकांनी सरकारी सूचनेपूर्वी या मंडळींकडे पाहिले.

माझी भाची सॅक्रामेंटोजवळ राहते. आगीचा हंगाम सुरू झाला की तेथील माणसे गाडी अंगणात उलटी लावतात, तोंड रस्त्याकडे करून. कागदपत्रे, औषधे, चष्मा, कुत्र्याचा पट्टा अशी पिशवी दारापाशी असते. "मावशी, पिशवी सगळेच भरतात गं," ती मला म्हणाली, "पण आमच्या गल्लीत प्रत्येकाकडे आणखी एका घराचा नंबर असतो. माझ्या वाट्याला कोपऱ्यावरच्या आजी आहेत. त्यांना ऐकू कमी येतं. आदेश आला तर मी आधी त्यांचं दार वाजवायचं, मग गाडी काढायची." मला त्या पिशवीपेक्षा तो नंबर मोलाचा वाटला. आजींना ऐकू येत नाही, ही माहिती कोणत्याही उपग्रहाकडे नाही. ती शेजारणीकडे आहे.

हे काही अमेरिकेचेच वैशिष्ट्य नव्हे. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक बँकेत हयातीचा दाखला द्यायला येतात. आता तो मोबाइलवरूनही देता येतो. पण माझ्या नोकरीच्या काळात काउंटरसमोर लांबच लांब रांग लागायची. आमच्याकडे यादी होती, खूण करायला लाल पेन होते. तरीही कोण आले नाही, हे आमच्या यादीआधी त्या रांगेला कळायचे. "जोशीकाका दिसले नाहीत यंदा," असे कोणीतरी म्हणायचे, आणि दुपारपर्यंत कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन यायचे. आमची यादी महिनाअखेरीस सांगायची की अमुक खात्याचा दाखला आला नाही. रांग त्याच दिवशी सांगायची की ते घसरून पडले आहेत आणि सून माहेरी गेली आहे. यादी लागतेच, तिच्यावाचून पेन्शन निघत नाही. पण यादी माणसाला शोधायला जात नाही.

पॅरडाइजच्या आगीनंतर याचे मोठे रूप जगाने पाहिले. शेरीफच्या कार्यालयाने बेपत्ता लोकांची यादी जाहीर केली. ती फुगत फुगत १२०० नावांच्या पुढे गेली. टीका झाली की, एकच नाव दोनदा आहे, स्पेलिंग चुकले आहे, सुखरूप माणसांचीही नावे आहेत. पण यादी अपुरी असूनही लोकांसमोर ठेवण्यामागे हेतूच तो होता. लोकांनी ती वाचावी, आपले नाव दिसले तर 'मी आहे' असे कळवावे. शेजारच्या चिको गावात एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर आगीतून निसटलेल्यांचे तंबू पडले होते. तेथे एका फलकावर हरवलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या डकवलेल्या असत. पाहता पाहता ती हजारावर नावे उतरत गेली. दिवसाअखेर रोकड जुळेपर्यंत कॅशियरने घरी जायचे नाही, हा बँकेचा जुना नियम. तसा तो ताळमेळ होता. फक्त प्रत्येक नोंदीमागे कोणाची तरी आई किंवा भाऊ होता.

इतके वाचून, शेजाऱ्यांवर सोपवले की झाले, असे कोणाला वाटेल. तसे नाही. २०२० च्याच सप्टेंबरात शेजारच्या ओरेगन राज्यात दहा लाखांहून अधिक एकर रान जळाले. तेव्हा अफवा उठली की, राजकीय गटांची माणसे मुद्दाम आगी लावत फिरत आहेत. तपास यंत्रणेला, एफबीआयला, जाहीर खुलासा करावा लागला की हे खोटे आहे. तोवर काही गावांत बंदूकधारी नागरिक रस्त्यावर उभे राहून परक्या गाड्या अडवू लागले होते. एकमेकांची विचारपूस करणारी वस्ती आणि परक्याची झडती घेणारी वस्ती यांत अंतर फार थोडे असते. आपला कोण हे ज्या उत्साहाने ठरवले जाते, त्याच उत्साहाने परका कोण हेही ठरते. आणि तंबूतला माणूस नेहमीच परका असतो.

ही गोष्ट नाइलाजाने रानात राहणाऱ्यांच्या बाबतीत अधिकच झोंबते. ओरेगनमधल्या बेंड शहराबाहेर, डेशूट्स राष्ट्रीय वनात, चायना हॅट रोडच्या आसपास शंभरावर माणसे गाड्यांत आणि तंबूंत राहत होती. काही तर कित्येक वर्षे. वणव्याचा धोका कमी करण्यासाठी रान विरळ करायचे म्हणून १ मे २०२५ पासून तो भाग बंद करण्यात आला आणि त्यांना उठावे लागले. रान विरळ करणे आवश्यक आहे, हे वर सांगितलेल्या शतकभराच्या थकबाकीवरून पटते. त्या वस्तीतून आग लागेल ही शहराची भीतीही निराधार म्हणता येणार नाही. पण माणसे तेथून उठली म्हणजे संपली असे होत नाही. ती दुसऱ्या रानात जातात, अधिक आत, आणि या वेळी शेजारी कोण आहे हे कोणालाच ठाऊक नसते. जुन्या जागी निदान कोणाच्या गाडीत पेट्रोल नाही, कोणाला चालवत नाही, हे दहा जणांना माहीत होते. वस्ती मोडली की जागा मोकळी होते. त्याबरोबर ती हजेरीही मोडते, आणि तिची किंमत कोणत्याच हिशेबात धरली जात नाही.

आणखी एक बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या वणव्यांपैकी सुमारे ८५ टक्के माणसांमुळे लागतात, असे तेथील राष्ट्रीय उद्यान सेवा सांगते. नीट न विझवलेली शेकोटी, कचरा जाळणे, सिगारेट, बिघडलेले यंत्र. २०१८ च्या जुलैत रेडिंग शहरावर चालून आलेला 'कार फायर' हा वणवा सुटीला निघालेल्या गाडीमागच्या ट्रेलरचे चाक फुटून, लोखंडी कडी डांबरावर घासून उडालेल्या ठिणग्यांतून पेटला होता. म्हणजे तंबूवाला हा वणव्याचा बळी असतो, तसा कधी कधी कारणही असतो. शेजाऱ्याची काळजी घेणे याचा पहिला अर्थ आपली शेकोटी पाणी ओतून, राख हाताला थंड लागेपर्यंत विझवणे हाच आहे. म्हणूनच २०२१ मध्ये ऑगस्टअखेरपासून सुमारे दोन आठवडे कॅलिफोर्नियातील बहुतेक सर्व राष्ट्रीय वने लोकांना बंद ठेवली गेली, तेव्हा नाराजी झाली तरी निर्णय समजण्यासारखा होता.

आपल्याकडे याचे काय, असे वाचक विचारतील. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेली तरुण मुलेमुली वणव्यात सापडली. वीसहून अधिक जणांचा बळी गेला. गवत वाळलेले, वारा उलटसुलट, वाट अनोळखी. प्रथम धावले ते आसपासचे गावकरी. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात ठिकठिकाणी आगी लागल्या आणि नौदल व हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती. आपल्या सह्याद्रीत तर फेब्रुवारी ते मे हा वणव्याचाच हंगाम. पुढल्या वर्षी गवत चांगले येते या समजुतीने डोंगर पेटवले जातात, राबाची आग हाताबाहेर जाते, कोणी बिडी टाकतो. त्याच महिन्यांत पवनेच्या काठी शनिवार-रविवारी तंबूंच्या रांगा लागतात, किल्ल्यांवर मुक्काम पडतात, मेअखेरीस काजवे पाहायला भंडारदऱ्याला गर्दी लोटते.

उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाकडून वनखात्याला मोबाइलवर मिळते. वनखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते. रानात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. या सगळ्या व्यवस्था आहेत. पण उपग्रहाला आग दिसते, तिच्या पलीकडच्या धारेवर तंबूत झोपलेली सहा मुले दिसत नाहीत. ती दिसतात ती पायथ्याच्या वाडीतल्या माणसाला, ज्याने त्यांना संध्याकाळी पिठले-भाकरी दिली.

जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती आग नव्हती, पण मोजदादीचा प्रश्न तोच होता. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. ही ५७ ची संख्या सांगता आली, कारण त्या वाडीत कोण राहते हे ठाऊक होते. कोण बाहेरगावी गेले आहे, कोणाची मुले आश्रमशाळेत आहेत, हे सांगणारे मागे उरले होते. त्याच रात्री वाडीवर शहरातले पाहुणे मुक्कामाला असते, तर त्यांची संख्या कोणी सांगितली असती?

आपल्याकडे गिर्यारोहकांचे बचाव गट आहेत. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी मंडळी रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात, आणि अशा गटांना जोडणारे समन्वय केंद्रही महाराष्ट्रात आहे. त्यांना पहिला प्रश्न पडतो तो हाच की, वर किती जण आहेत? या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवायला कायदा लागत नाही की निधी लागत नाही. डोंगरावर जाताना पायथ्याच्या गावात एका वहीत नाव, संख्या, वाट आणि परतण्याची वेळ लिहावी. ती वही ग्रामपंचायतीने ठेवावी, आणि तंबूंचा धंदा करणाऱ्यांना ती सक्तीची करावी. घरी एका माणसाला सांगून जावे की अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर अमुक क्रमांकावर कळव. मुक्कामाला पोचल्यावर शेजारच्या तंबूत जाऊन नाव विचारावे. किती जण आहात, कोणाला दमा आहे का, एवढे दोन मिनिटांत कळते. आणि निघताना आपण निघालो हे त्यांना सांगावे, म्हणजे आग लागलीच तर रिकाम्या तंबूसाठी कोणी जीव धोक्यात घालणार नाही.

आपल्याकडच्या सुशिक्षितांना अशा चौकशीचा हल्ली संकोच वाटतो. एकांतासाठी रानात आलो आणि शेजारी नाव विचारतो, म्हणजे आगाऊपणा वाटतो. पायथ्याच्या गावातल्या म्हाताऱ्याने "कुठले पाव्हणे? किती जण? कधी उतरणार?" असे विचारले की आपली मुले एकमेकांकडे पाहून हसतात. ते प्रश्न भोचकपणाचे नाहीत. तो माणूस तुमची हजेरी घेत असतो. त्याला नीट उत्तर द्यावे, आणि उतरताना त्याला भेटून जावे.